सुरी नसलेला साप

मला सापाची भीती वाटते. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शूरवीर निघेन अशी आशा कुणी धरायला नको. दोरी बघून दचकणाऱ्यांतली मी आहे. लहानपणी आमच्या वाडीत नारळाची झावळी ओढताना खालून काहीतरी सळसळत गेलं, तेव्हापासून मी झावळीला हात लावलेला नाही. आणि गंमत अशी की माझं पोट आज सापांवरच चालतं.

मी पुरातत्त्ववाली. इजिप्तमधल्या एका लहानशा देवळाची रंगवलेली भिंत वाचायचं काम माझ्याकडे आहे. काही हिवाळे तिथे नाईलच्या काठी धूळ खाण्यात गेले. आता त्या भिंतीचे फोटो घेऊन मी नागावच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आईच्या घरात बसते. फोटो पडद्यावर मोठा करायचा, पेनने त्यावरची एकेक रेघ गिरवायची, मग अक्षर ओळखायचं आणि शेवटी अर्थ लावायचा. पावसाळा सरला की दोनतीन महिने माझा मुक्काम इथे असतो. वडील गेल्यापासून आई एकटी राहते. एरवी ती आणि सुपारीची झाडं, एवढाच घरातला गोतावळा.

भिंतीवर सूर्याची होडी रात्रीच्या पाण्यातून चालली आहे. तिची वाट अडवून एक भलामोठा साप आडवा पडला आहे. त्याने होडी उलटवली तर सकाळ व्हायची नाही, म्हणून होडीच्या टोकावर उभा राहून एक देव त्याला भाला मारतो. चित्राच्या सगळ्या बाजूंनी मजकूर आहे. त्या लिपीतली अक्षरं म्हणजेसुद्धा चित्रंच: घुबड, हात, पाण्याची लाट, भाकरी. आणि साप. त्या लोकांची समजूत अशी की काढलेल्या चित्रात जीव येतो. मग मजकुरात साप लिहायचा कसा? तर लिहायचा, आणि लागलीच त्याच्या अंगात सुरी खुपसलेली काढायची. माझ्या भिंतीवर जिथे म्हणून त्या वैऱ्याचं नाव येतं, तिथे त्या सापाच्या पाठीत लाल सुऱ्या आहेत. एकीने भागलं नाही तर तीनतीन. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो चितारी मला अगदी घरचा माणूस वाटला. भित्रा असणार बिचारा.

आईला यात काहीच नवल वाटलं नाही. आमच्या घरात साप हा शब्दच उच्चारत नाहीत. दिवसा ‘जनावर’ म्हणायचं आणि दिवा लागल्यावर तेही नाही. चावला असंही म्हणायचं नाही, ‘लागलं’ म्हणायचं. नाव घेतलं की आपल्याला हाक मारली असं त्याला वाटतं आणि ते येतं, हा आमच्या गावाचा हिशेब. मी कितीही शिकले तरी हा हिशेब माझ्या अंगातून गेलेला नाही. परिषदांमध्ये मी त्या सापाचं इजिप्शियन नाव खणखणीत आवाजात घेते, पण आमच्या पडवीत मराठीतला तो दोन अक्षरी शब्द घशाशी अडकतो. तिन्हीसांजेला आई देवाकडे दिवा लावायला निघाली की आधी माझ्या पडद्यावर टॉवेल टाकायची. “झाक ते,” एवढंच म्हणायची.

या वर्षी दिवाळी उरकून मी आले तेव्हा एका सापाने माझं काम अडवून ठेवलं होतं. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीला लागून, गुडघाभर उंचीवर एक साप आहे. लहानसा, अंगावर ठिपके असलेला. त्याच्या अंगात सुरी नाही. त्या भागात खारामुळे गिलावा पोपडे धरून पडला आहे. आता सुरी होती आणि पोपड्याबरोबर गेली, की चिताऱ्याने ती काढलीच नव्हती? आमच्या कामाच्या प्रमुख एक इजिप्शियन बाई आहेत. त्यांचा दंडक एकच: दिसतं तेवढंच काढायचं, मनाने एक रेघ वाढवायची नाही. ते मला मान्य आहे. तरीही तो मोकळा साप गिरवायला माझा हात होईना. भिंतभर हिंडायचे आणि त्या कोपऱ्यापाशी आले की चहा करायला उठायचे. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

त्याच दिवसांत आईच्या वागण्याला काहीतरी झालं होतं. मी आल्यापासून पुढच्या पायऱ्यांना फिनेलचा वास मारायचा. आमच्या पुढच्या पायऱ्या जांभ्या दगडाच्या. चक्रीवादळात अंगणातला माड पडवीवर कोसळला, तेव्हा छप्पर गेलं आणि पायऱ्याही खिळखिळ्या झाल्या. छपरावर पत्रे आले, पायऱ्या तशाच राहिल्या, दगडादगडांत फटी पडून. त्या फटींत आई डांबरगोळ्या टाकायची, पाचोळा दिवसातून कितीदा झाडायची आणि मला बजावायची की पुढून येऊ नको, मागच्या दाराने ये. कधी पायऱ्या धुतल्यात म्हणून, कधी सुपारी वाळत घातलीय म्हणून. फिनेलने माझं डोकं उठायचं. मी चिडून म्हटलं की हे घर आहे की दवाखाना. तिने फिनेलची बाटली पदराआड धरली.

संध्याकाळी मी समुद्रावर फिरायला जायची. परत येताना ती पुढच्या पायरीवर बसलेली दिसे, हातात वडिलांची जुनी काठी घेऊन. मधूनच काठी दगडावर आपटायची. मला वाटायचं, माझी वाट बघते आहे आणि वयानुसार काठी आपटायची खोड लागली आहे. बरंही वाटायचं. आपली वाट बघणारं कुणी आहे, या गोष्टीचं पन्नाशीत जरा जास्तच अप्रूप असतं.

त्या शुक्रवारी परतायला उशीर झाला. अंधार पडला नव्हता, पण वाडीत काळोखी दाटली होती. मागच्या दाराकडे वळसा घालायचा कंटाळा आला म्हणून मी सरळ पुढच्या पायऱ्यांकडे आले. आई झटकन उठली. उभी राहून तिने एक पाय खालच्या पायरीवर टेकला, माझा दंड घट्ट धरला आणि मला जवळजवळ वर ओढून घेतलं. मी म्हटलं, हात सोड, मी काय कुकुलं बाळ आहे? ती म्हणाली, “चल, वर चल.” आत आल्यावर तिने पाय धुतले, पायाला हळद लावून चिंधी बांधली. विचारलं तर म्हणाली, “काय न्हाय गो, काटा लागला.” मग दिवा लावला. त्या संध्याकाळी मात्र पडद्यावर टॉवेल टाकायला ती विसरली.

सकाळी मी चहा टाकत होते. आई मागच्या पडवीत मिशेरी लावत बसली होती. चूळ भरली ती लाल. मी आधी मिशेरीचाच रंग समजले. पुन्हा थुंकली. पुन्हा लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. मग माझी नजर तिच्या पायाकडे गेली. चिंधी भिजून काळी झाली होती, घोटा सुजून कातडी तुकतुकीत झाली होती. चिंधीखालून रक्ताचा बारीक ओघळ अजून चालूच होता. काट्याचं रक्त रात्रभर वाहत नाही.

“आई, काय लागलं?”

ती चूळ भरून म्हणाली, “काल जनावर लागलं. दिवा लागायची वेळ झाली होती, नाव कसं घ्यायचं? म्हटलं उजाडल्यावर सांगू. एवढंसंच तर होतं, ठिपक्यांचं.”

एवढंसं आणि ठिपक्यांचं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. फुरसं. वीतभर असतं, अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतं, आणि जांभ्याच्या फटीत त्याचं घर असतं. त्याच्या विषाने रक्त पातळ होतं, ते गोठायचं विसरतं. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण भित्री माणसं ज्याला भितात त्याची माहिती वाचून ठेवतात. त्या माहितीचा तेव्हा उपयोग एकच झाला: मी तास मोजले. आख्खी रात्र गेली होती. बाई बारा तास तोंड मिटून झोपली होती आणि मी पलीकडच्या खोलीत मेलेल्या लोकांचे साप वाचत होते.

शेजारी होमस्टे चालवणारं कुटुंब आहे. मी कुंपणावरून हाक मारली. तिथल्या भाऊने पाहुण्यांची नाश्त्याची ताटं तशीच टाकून गाडी काढली. आईला चालू द्यायचं नाही म्हणून दोघांनी खुर्चीसकट उचलून गाडीपाशी नेली आणि मागच्या सीटवर आडवी केली. कुणीतरी पायाला दोरी आवळायला आणली, ती मी हिसकावून घेतली. दोरी आवळायची नाही, एवढं तरी मला धडपणे आठवलं.

शनिवारची सकाळ होती. मुंबईच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे निघालेल्या. रस्ता एवढासा, दोन्ही अंगांना वाड्यांची कुंपणं, समोरून एसटी आली आणि सगळं ठप्प झालं. गाड्यांच्या खिडक्यांतून टोप्या घातलेली माणसं, पोहण्याच्या रबरी नळ्या, गाणी. त्यांची सुट्टी चालली होती आणि आईच्या ओठाच्या कडेने रक्ताची रेघ उतरत होती. मी ती पदराने पुसायची, ती परत यायची. भाऊ खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात जोडत, शिव्या देत वाट काढत होता. मधेच मागे वळून म्हणायचा, “काकी, बोलायचा न्हाय. गप पडून ऱ्हावा.” काय झालं असं समोरचा ड्रायव्हर विचारायचा, तर भाऊही म्हणायचा की यांना लागलंय. मला ओरडायचं होतं. आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही, आणि मी घाबरण्यात अनुभवी आहे.

अलिबागच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने पाय बघितला, हिरड्या बघितल्या आणि काय चावलं असं विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं. भाऊने जमिनीकडे पाहिलं. “साप,” मी म्हटलं. “फुरसं. काल संध्याकाळी.” आईचा हात माझ्या हातात होता, तो आकसला. डॉक्टरीणबाई मात्र आधीच कामाला लागली होती. कोणता का असेना, म्हणाली, रक्तच सांगेल.

रक्त कसं सांगतं ते मी तिथे पाहिलं. काचेच्या एका साध्या नळीत आईचं थोडं रक्त घेतलं आणि नळी खिडकीपाशी उभी करून ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग आडवी करून बघायची. रक्त गोठून जागच्या जागी राहिलं तर ठीक, वाहिलं तर विष अंगात भिनलेलं आहे. इतकी वर्षं मी भिंतींकडे टक लावून बसते, पण त्या नळीसारखं काही बघितलं नाही. मनात नको ते येत होतं. घरात आई नाही, पडवीत सुपारी तशीच वाळते आहे, तिचा मिशेरीचा डबा फळीवर आहे, असं सगळं. नर्सने नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं.

मग सलाईनमधून औषध सुरू झालं. अंगावर पित्त उठतं का, श्वास अडकतो का, म्हणून नर्स उशाशी उभी. काही तासांनी पुन्हा नळी लावायची आणि तोवर वाट बघायची, असं सांगितलं. भाऊ चहा आणायला गेला. मी खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि जी भीती होती ती रागाच्या वाटेने बाहेर आली. मी आईला दबक्या आवाजात बोलत सुटले. की एवढंसं काय, रात्रभर गप्प काय, नाव घ्यायचं नाही म्हणून जीव द्यायचा का. ती डोळे मिटून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली की ते दिवाळीच्या आधीपासून पायरीखालच्या फटीत आहे. झाडताना दिसलं. मग पुन्हा दिसलं. दगड उचलायची ताकद नाही, आणि पकडणाऱ्याला बोलवावं तर गाव गोळा होणार, ते माझ्या कानावर येणार. म्हणून फिनेल. म्हणून डांबरगोळ्या. म्हणून रोज संध्याकाळी काठी घेऊन पायरीवर बसायचं, मी घरात शिरेपर्यंत.

“काल तू पुढून आलीस,” ती म्हणाली. “ते फटीतून डोकं काढून होतं. तुला सांगितलं असतं तर तू तिथंच उडी मारली असतीस, त्याच्यावरच. मी पाय आडवा ठेवला.”

दंडावरची तिची पकड आठवली. मी कुकुलं बाळ नाही, असं म्हटलेलं आठवलं.

“पण मला आधी सांगायचंस ना, आई. आल्या आल्या सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू ऱ्हायली असतीस?”

तिने डोळे उघडून विचारलं. तक्रार नव्हती, खरंच विचारत होती. मी ‘नाही’ म्हटलं. खोटं बोलायला धीर लागतो, तेवढाही माझ्यात नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी मांडव्याहून मुंबईची बोट धरली असती, कामाचं काहीतरी कारण सांगून. तिला हे पक्कं माहीत होतं. मी राहावं म्हणून ती पंधरवडाभर त्या फटीशेजारी बसली होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली, पाणी हवं का म्हणाली.

दुपार टळल्यावर दुसरी नळी लावली. तीही वाहिली, जरा सावकाश. पुन्हा औषध. आईचा चेहरा कागदासारखा झाला होता, बोलणंही थांबलं होतं. डॉक्टरीणबाई धीर देत होती, पण तीही सारखी पायाकडे बघत होती. मला देवाचं काही म्हणता येत नाही. मला पाठ होती ती फक्त माझी भिंत, म्हणून मनातल्या मनात तीच म्हणत बसले. तिचा मतलब एवढाच आहे की तू पड, उठू नकोस, होडीला जाऊ दे, सकाळ होऊ दे. ज्यांनी ते लिहिलं ती माणसं किती घाबरलेली होती, हे इतकी वर्षं वाचूनही मला कळलं नव्हतं.

तिसरी नळी नर्सने आडवी केली तेव्हा मी बघितलंच नाही. “बघा,” ती म्हणाली. रक्त नळीच्या तळाशी घट्ट बसून राहिलं होतं. मी तिच्या हातातून नळी घेऊन स्वतः उलटी करून बघायला निघाले, तेव्हा तिने हसून हात मागे घेतला.

चारपाच दिवसांनी आई घरी आली, पाय उशीवर ठेवून. त्याआधी मी सर्पमित्राला बोलावलं होतं. त्याने पायरीचे दगड हलवले आणि दोन फुरशी काढली. एकाची अपेक्षा असताना दोन. त्याने बरणीतून दाखवायला आणली तेव्हा मी माजघरातल्या पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, तिथूनच हात जोडले. जांभा आहे तिथे ती असायचीच, अजूनही असतील, असं तो जाताना सहज सांगून गेला. गवंड्याने फटी बुजवायला पुढच्या आठवड्याचा वायदा केला. गवंड्याचा पुढचा आठवडा केव्हा येतो ते सगळ्यांना माहीत आहे.

भिंतीचा तो कोपरा मी एका बैठकीत गिरवून टाकला. फोटो जेवढा मोठा होतो तेवढा केला. सापाच्या पाठीवरचा रंग शाबूत होता, पोपडे त्याच्या खालपासून सुरू होत होते. म्हणजे तिथे सुरी कधी नव्हतीच. का नव्हती, ते मला सांगता येत नाही. कारण माहीत नाही, असंच मी लिहून पाठवलं. प्रमुखबाईंनी ते जसंच्या तसं ठेवलं.

माझी परतीची तारीख येऊन गेली. आई आता हिंडूफिरू लागली आहे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी शेजारी जाऊन बसते आणि काळोखी पडू लागली की परत येते, पुढूनच. त्या वेळेला मी पायरीवर असते. पायात भाऊच्या वाडीतले गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात वडिलांची काठी. होमस्टेची पाहुणी पोरं मला बघून हसतात. फटीकडे बघितलं की छातीत धडधड होते, आणि बघितलं नाही तर जास्त होते.

परवा आई कुंपणातून आली, मला बघून थांबली.

“आत जा गो. तुला भीती वाटते.”

“वाटते,” मी म्हटलं, आणि तिच्यासाठी जागा करून काठी आपटली.